धुऱ्यावरची आग, छातीतला धूर

मार्च लागला की पूर्व विदर्भात पहाटेचा वास बदलतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांतल्या रानाकाठच्या गावांत अंगण झाडताना केरात काळी राख येते, माठावरच्या फडक्यावर तीच राख बसते आणि समोरची टेकडी ऊन चढेपर्यंत दिसत नाही. मेळघाटाच्या पायथ्याला आणि यवतमाळच्या सागवनात थोड्याफार फरकाने हेच. मग फोनवर संदेश फिरू लागतात. रोज गुळाचा खडा खा, फुप्फुसं साफ होतात. नाकात तुपाचे दोन थेंब सोडा. तुळस, आलं, हळदीचा काढा घ्या. घरात गुग्गुळ-कापराचा धूप फिरवा, हवा शुद्ध होते. नैसर्गिक उपाय म्हणून हे सगळं सांगितलं जातं आणि सांगणाऱ्याचा हेतूही चांगला असतो. पण धुराच्या बाबतीत हे उपाय चुकीच्या जागी बोट ठेवतात. धुरावर खरा नैसर्गिक उपाय एकच आहे, तो धूर होऊ न देणं. विदर्भात हा उपाय स्वप्नातला नाही, कारण इथला वणवा बहुतेक वेळा माणसाच्या हाताने, ठरलेल्या दिवसांत आणि ठाऊक असलेल्या कारणांसाठी लागतो. तोवर ज्यांना त्या धुरात राहावं लागतं, त्यांना मात्र खरोखर उपयोगी पडेल असंच सांगायला हवं.

आधी धूर समजून घेऊ. पानं, गवत, लाकूड जळताना निघणारी राख डोळ्यांना दिसते, नाकात अडकते, शेंबडाबरोबर बाहेर येते. ती त्रास देते, पण मोठा शत्रू ती नव्हे. खरा त्रास अडीच मायक्रॉनहून बारीक कणांचा. त्यांना पीएम २.५ म्हणतात. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाच्या जाडीत असे वीस-पंचवीस कण शेजारी शेजारी बसतील. हे कण नाकातल्या केसांना चुकवतात, श्वासनलिकेतल्या चिकट थराला चुकवतात आणि फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोहोचतात. तिथून ढकलून बाहेर काढणारी यंत्रणा नसते. भारताच्या मानकाप्रमाणे २४ तासांच्या सरासरीत हवेच्या एका घनमीटरमध्ये असे कण ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच मर्यादा १५ वर आणली.

आता गुळाकडे वळू. गूळ जातो अन्ननलिकेत, धूर जातो श्वासनलिकेत. कापसाच्या जिनिंगमधल्या आणि खाणीतल्या मजुरांना गूळ देण्याची पद्धत जुनी आहे. गुळाने तरतरी येते, तोंडाला लाळ सुटते, घसा ओला होतो, एवढं खरं. पण फुग्यात बसलेला कण गुळाने सुटत नाही. काढ्याचंही तेच. कोमट पाणी घशाला बरं वाटतं, म्हणून काढा प्यायला हरकत नाही. फक्त काढा प्यायलो म्हणून धुरात गेलं तरी चालेल, असं मनात येऊ देऊ नये. खोकला झाला म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवणं तर धोक्याचं आहे, मधातून त्या वयात बॉट्युलिझमचा विषार होऊ शकतो. वाफेने नाक मोकळं होतं, कण निघत नाहीत, आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाकलेली मुलं भाजतात.

धूप मात्र सरळ नुकसान करतो. गुग्गुळ, कापूर, उदबत्ती, डासांसाठी जाळलेला कडुनिंबाचा पाला, गोवरीचा धूर, मच्छर अगरबत्ती या सगळ्यांतून तेच बारीक कण निघतात जे रानातून येतात. बाहेर वणव्याचा धूर आणि आत धुपाचा, असं झालं की माणसाला सुटका उरत नाही. धुराच्या दिवसांत देवापुढे तुपाचं निरांजन लावावं, फूल वाहावं आणि डासांसाठी मच्छरदाणी लावावी.

घरगुती उपायांपैकी एक मात्र मनापासून सांगावासा वाटतो. धुरातून आल्यावर मिठाच्या पाण्याने नाक धुवावं. पाणी उकळून थंड केलेलंच हवं, विहिरीचं किंवा हापशीचं तसंच घेऊ नये, कारण कच्च्या पाण्यातला जंतू नाकावाटे मेंदूपर्यंत गेल्याच्या घटना आहेत. एका पेल्याला, म्हणजे साधारण पाव लिटरला, पाव ते अर्धा चमचा मीठ पुरतं. वाकून एका नाकपुडीतून सोडायचं, दुसरीतून येऊ द्यायचं, तोंडाने श्वास घ्यायचा. जास्त मीठ पडलं तर आग होते, कमी पडलं तरी झोंबतं. याने वरच्या भागातली राख आणि सूज कमी होते, त्यापुढे काही नाही. डोळे साध्या स्वच्छ पाण्याने धुवावेत, चोळू नयेत.

धुराची वेळ ओळखणं ही सगळ्यात स्वस्त काळजी, आणि तिच्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं. कोरड्या, निरभ्र रात्री जमीन पटकन थंड होते. जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार, असा उलटा थर तयार होतो आणि तो झाकणासारखा बसतो. रात्रभर धुमसणाऱ्या ओंडक्यांचा धूर त्या झाकणाखाली साचतो, नाल्याकाठच्या खोलगट गावात तर जास्तच. ज्वाळेने जळणाऱ्या लाकडापेक्षा धुमसणारं लाकूड किलोमागे अधिक कण सोडतं, म्हणून आग विझल्यासारखी दिसते तेव्हाही धूर संपलेला नसतो. सकाळी नऊ-दहानंतर जमीन तापली की हवा वर उठते, झाकण मोडतं आणि धूर पातळ होतो. म्हणजे सर्वांत वाईट हवा पहाटे चार ते आठ या वेळात असते. ‘पहाटेची शुद्ध हवा’ ही कल्पना वणव्याच्या महिन्यांत उलटी होते. पहाटे फिरायला जाणाऱ्यांनी, पोलीस भरतीसाठी डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या पोरांनी त्या दिवसांत संध्याकाळी पाच-सहाची वेळ धरावी. उन्हाळ्यात शाळा सकाळच्या होतात. ते उन्हासाठी बरोबरच आहे, पण टेकडी दिसत नसेल त्या दिवशी मैदानावरची कवायत आणि खेळ मास्तरांनी बंद ठेवावेत.

टेकडी दिसते की नाही, हे नुसतं म्हणायला नाही. हवा मोजणारी यंत्रं नागपूर, चंद्रपूर, अमरावतीसारख्या शहरांत आहेत. धूर जिथे जन्मतो त्या तालुक्यांत ती शोधूनही फारशी सापडत नाहीत. त्यामुळे डोळ्यांनी अंदाज घ्यावा लागतो, आणि कोरड्या उन्हाळ्यात तो बऱ्यापैकी जमतो. गावाबाहेरच्या एका उंच जागी उभं राहून तीन खुणा ठरवाव्यात: साधारण दीड किलोमीटरवरची पाण्याची टाकी, पाच किलोमीटरवरचा मोबाईलचा टॉवर, आठ-दहा किलोमीटरवरची टेकडी. टेकडी दिसत नाही पण टॉवर दिसतो, तर दमेकऱ्यांनी, गरोदर बायांनी, लहान मुलांनी आणि म्हाताऱ्यांनी जपायचं. टॉवरही दिसत नाही, तर सगळ्यांनीच मेहनतीचं काम पुढे ढकलायचं. टाकीही दिसेनाशी झाली, तर ती हवा कुणाच्याच छातीला मानवणारी नाही. हा ढोबळ ठोकताळा आहे, आणि हवेत दमटपणा किंवा धुकं असेल त्या दिवशी तो धरू नये.

विदर्भाची खरी अडचण पुढे आहे. कॅनडातल्या वणव्यांचा धूर २०२३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कपर्यंत गेला, तिथलं आकाश नारिंगी झालं, आणि तिथल्या लोकांना सांगितलं गेलं की खिडक्या-दारं बंद करा, आत बसा, हवा गाळणारं यंत्र लावा. तो सल्ला तिथल्या घरांसाठी ठीक. इथे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो, घरावर कवेलू किंवा टिन असतं, भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट असते. अशा घरात दारं लावून बसलं तर धूर येतोच, वर उष्माघाताची भीती. ऊन आणि धूर यांतून एकच टाळता येत असेल तर आधी ऊन टाळावं, कारण उष्माघात काही तासांत जीव घेतो.

सुदैवाने या दोघांच्या वेळा वेगळ्या आहेत. ऊन दुपारी बाराच्या पुढे जोरात असतं, साचलेला धूर रात्री आणि पहाटे. कूलर बाहेरची हवा ओढून आत फेकतो. त्याचं ओलं गवत किंवा वाळ्याच्या ताट्या धूळ अडवतात, पण पीएम २.५ अडवत नाहीत. म्हणजे धुराच्या रात्री खिडकीतला कूलर आख्ख्या रानाचा धूर झोपेच्या खोलीत आणून सोडतो. तेव्हा कूलर दुपारी अकरा ते संध्याकाळपर्यंत चालवावा. रात्री धूर उतरला की बंद करून छताचा पंखा लावावा, फरशीवर पाणी शिंपडावं, अंगावर ओला पंचा घ्यावा. उकाडा सहन होत नसेल, घरात तान्हं बाळ किंवा ऐंशीचे आजोबा असतील, तर धूर असला तरी कूलर सुरू ठेवावा. आग गावाला अगदी लागून असेल तर हे वेळापत्रक लागू पडत नाही. तेव्हा दुपारीही धूर जमिनीलगतच असतो आणि मुलांना, आजाऱ्यांना घेऊन वाऱ्याच्या उलट दिशेच्या गावी पाहुण्यांकडे जाणंच बरं.

चुलीचंही गणित याच वेळांशी जोडलेलं आहे. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, सिलिंडर घरोघरी पोहोचले, पण भरून आणायला पैसे लागतात म्हणून भाजी-भाकर अजून चुलीवरच होते. एक सिलिंडर पुरवून पुरवून वापरायचा असेल तर धुराचे दहा-पंधरा दिवस त्याच्यासाठी राखून ठेवावेत. चूल पेटवावीच लागली तर ओली लाकडं घालू नयेत, बारीक फाटे वापरून जाळ मोकळा ठेवावा, भांड्यावर झाकण ठेवावं. काम झालं की निखारे धुमसत ठेवण्याऐवजी पाणी मारून विझवावेत. लहान मूल कडेवर घेऊन चुलीपुढे बसू नये.

आता तोंडावर बांधायचं काय? दुपट्टा, शेला, रुमाल, ओला पंचा यांनी राख आणि उष्णता थोडी अडते. बारीक कण विणीतून आरपार जातात. दवाखान्यातला निळा पातळ मास्क कडांनी उघडा राहतो, हवा तिथूनच आत येते. धुरासाठी एन-९५ किंवा एफएफपी-२ प्रकारचाच मास्क हवा, आणि शक्य तर कानात अडकवायच्या नाड्यांऐवजी डोक्यामागे दोन पट्टे असलेला. एक पट्टा मानेवर, दुसरा टाळूच्या मागे. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवायची, एका हाताच्या चिमटीने दाबली तर मधे उंचवटा राहतो. मग तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडायचा. डोळ्यांकडे वारा लागला तर बसलेला नाही. दाढी असेल तर तो नीट बसतच नाही. धुतला की निकामी होतो. श्वास जड वाटू लागला, आत ओलावा साचला, पट्टे सैल झाले की टाकून द्यायचा. दोन वर्षांखालच्या मुलाला बांधायचा नाही. वणवा विझवायला जाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की हा मास्क कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. डोकं जड झालं, मळमळलं, पाय लटपटले की धुरातून बाहेर पडायचं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी आकडा चांगला दाखवतो आणि फसवतो, कारण त्याला हा वायू आणि ऑक्सिजन यांतला फरक कळत नाही.

पाणी पिण्याने धूर धुऊन जात नाही, पण श्वासनलिकेतला चिकट थर पातळ राहतो आणि खोकून बाहेर येतो. उन्हात काम करताना दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी घ्यावं. घाम फार गेला असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. आंब्याचं पन्हं, अंबाडीचं सरबत, मीठ घातलेलं ताक हेही चांगलंच. सिकलसेल असणाऱ्यांसाठी हे दुप्पट महत्त्वाचं. रक्ताचा हा आनुवंशिक आजार पूर्व विदर्भात अनेक घरांत आहे. अंगातलं पाणी कमी होणं, ऑक्सिजन कमी पडणं आणि छातीचा संसर्ग यांतून त्यांना वेदनेचा झटका येतो. उन्हाळ्याचा धूर या तिन्ही गोष्टी एकदम आणतो. अशा मुलाला पहाटे मोह वेचायला नेऊ नये, मग घरात हात कितीही कमी असोत.

दमेकऱ्यांचा पंप बंद करून काढ्यावर आणणं हा घातक प्रकार दर उन्हाळ्यात होतो. रोजचा पंप रोज घ्यायचा, आणि धुराचे दिवस सुरू होण्याआधी म्हणजे फेब्रुवारीतच पुढच्या दोन महिन्यांचा आणून ठेवायचा. पंपासोबत स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी, नसेल तर पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक तापलेल्या तारेने पाडून पंप घट्ट बसवता येतो. बाटलीचं तोंड ओठांत धरायचं, एक फवारा मारायचा, चार-पाच संथ श्वास घ्यायचे, मग दुसरा फवारा. दोन फवारे एकदम मारले तर औषध बाटलीला चिकटतं.

लहान बाळाला ताप-खोकला आला तर छाती उघडी करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत, बाळ शांत असताना. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद आहे आणि दवाखाना गाठायचा. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, बाळ दूध ओढत नसेल, ओठ निळे पडत असतील तर १०८ला फोन, सकाळची वाट नाही. गावातल्या साध्या बाया हे मोजमाप शिकून न्यूमोनियातून बाळं वाचवू शकतात, हे गडचिरोलीतच ‘सर्च’ संस्थेने जगाला दाखवून दिलं आहे. मोठ्या माणसाला एक वाक्य एका दमात बोलता येत नसेल, छातीत दुखत असेल, तर तोही त्याच गाडीत.

इथवरचं सगळं मलमपट्टीचं झालं. आता जखमेकडे.

विदर्भातली रानं पानगळीची आहेत. फेब्रुवारीपासून साग, मोह, तेंदू, धावडा यांची पानं जमिनीवर घोट्याएवढी साचतात. वनखात्याच्या लेखी आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. आग जमिनीवरून सरकते, शेंड्यांना क्वचितच जाते. विजेने पेटलेला वणवा इथे अपवादानेच सापडेल. पेटतं ते मोहाखाली, तेंदूच्या झुडपांत, बिडीच्या थोटकाने, आणि शेताच्या धुऱ्यावर. धुरा म्हणजे आपल्याकडे दोन वावरांमधला बांध. पेरणीआधी धुऱ्यावरचं गवत-काटे काडी लावून साफ करायची सवय पिढ्यान्पिढ्या आहे. दुपारचा वारा सुटला की ती आग शेजारच्या संत्र्याच्या बागेत किंवा रानात उतरते.

मोहाचं आधी घेऊ, कारण तिथे धूर आणि पोट यांची गाठ सर्वांत घट्ट आहे. मोहफूल मध्यरात्रीनंतर सकाळपर्यंत गळतं. फिकट फूल पाचोळ्यात दिसत नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी झाडाखाली पानं पेटवतात आणि घरी येतात. पहाटे चारला टोपली घेऊन बाया-पोरं परत तिथेच वाकून वेचत असतात, नेमकं त्या झाकणाखाली साचलेल्या धुरात. पेटवलेल्या पाचोळ्याचा पहिला धूर पेटवणाऱ्याच्याच लेकरांच्या छातीत जातो. शिवाय दरवर्षीच्या आगीने बुंध्याशी जखम होऊन खोड पोकळ होतं, आणि मोहाची रोपं एक उन्हाळाही काढत नाहीत. अनेक रानांत म्हातारे मोह दिसतात, तरणे दिसत नाहीत, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

जाळायचंच असेल तर सुरक्षित वेळ कोणती, असं विचारलं जातं. अशी वेळ नाही. वारा पडलेला असतो तेव्हा, म्हणजे रात्री-पहाटे, आग आटोक्यात राहते पण धूर कोंडतो. दुपारी धूर वर जातो पण आग हातची जाते.

पर्याय साधा आहे, फक्त मेहनतीचा. फांद्यांच्या घेरापेक्षा तीन-चार फूट जास्त गोल झाडून घ्यायचा. मोठं झाड दोन माणसांच्या एका सकाळचं काम. वाऱ्याने पाचोळा परत येतो, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी हात फिरवावा लागतो. झाडलेला पाचोळा कडेला ढीग करून ठेवू नये, तो कुणाच्या तरी थोटकाने पेटतोच, खड्ड्यात टाकावा. त्याहून चांगली जाळी. खुंट्यांना बांधून जमिनीपासून दोन-तीन फूट उंच, मधे थोडा झोल ठेवून. फूल मातीला लागत नाही, खडा-राख येत नाही, वाळल्यावर रंग चांगला राहतो आणि भाव वाढवून मागता येतो. मध्य प्रदेशात खाण्याच्या दर्जाचा मोह याच रीतीने गोळा केला गेला आहे. जाळीचा दुसरा फायदा विक्रीच्या हिशेबात दिसत नाही: फूल उचलायला अंधारात जावं लागत नाही. दिवस उगवल्यावर गेलं तरी चालतं, म्हणजे पहाटेचा धूरही टळतो आणि मोहाखाली त्याच वेळी येणारं अस्वलही.

तेंदूचा प्रश्न वेगळ्या माणसांचा आहे. बिडीसाठी कोवळी, एकसारखी पानं यावीत म्हणून फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत झुडपं धारदार हत्याराने जमिनीलगत छाटायची असतात. साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांत नवी पानं तोडणीला येतात. आगीनेही फुटवा येतो, म्हणून छाटणीची मजुरी वाचवायला काडी लावली जाते. छाटणी झुडूप निवडून करता येते, आग निवडत नाही. बांबूचे कोंब, चारोळीचे-आवळ्याचे रोप, पाखरांची अंडी, सगळं जातं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे भोवतालचं रान गावाने मिळून वापरायचा आणि राखायचा कायदेशीर हक्क, मिळाला. तिथल्या ग्रामसभेने तोडणीपायी होणारी फांद्यांची कत्तल आणि आगी पाहून तेंदूपत्त्याचं उत्पन्नच सोडून दिलं आणि बांबूवर भर दिला. सगळ्या गावांना हे परवडणार नाही. पण ज्या ग्रामसभा पेसा कायद्याखाली (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) किंवा वनहक्काखाली स्वतः तेंदूचा लिलाव करतात, त्या करारात एक कलम नक्की घालू शकतात: छाटणीची मजुरी ठेकेदाराने आधी जमा करायची, ती ग्रामसभेने वाटायची, आणि त्या ठेक्याच्या रानात आग लागली तर अनामतीतून ठरलेली रक्कम कापायची. कलम नसेल तर आगीचा नफा एकाला आणि खोकला गावाला, ही वाटणी बदलणार नाही.

शेतातली आग तिसरी. पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली खोडं, जाळण्यामागे गुलाबी बोंडअळीचं कारण सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. किडकी बोंडं शेतात किंवा घरामागे रचलेल्या ढिगात राहिली तर अळी पुढच्या हंगामाला टपून बसते. पण अळी मारायला धूर लागत नाही. ट्रॅक्टरवरच्या श्रेडरने पऱ्हाटीचे तुकडे करून ते मातीत मिसळले तर तेच काम होतं. नुसता रोटाव्हेटर फिरवला तर खोडं पात्यांत गुंडाळतात आणि आख्खी राहिलेली खोडं उधईला, म्हणजे वाळवीला, बोलावतात, म्हणून बारीक तुकडे होणं महत्त्वाचं. कोरड्या जमिनीत उन्हाळाभर ते कुजत नाहीत, पहिल्या पावसाने कुजायला लागतात आणि तेव्हा मातीतलं नत्र ओढून घेतात. पेरलेलं पीक पिवळं पडतं आणि शेतकरी म्हणतो, जाळलं असतं तर बरं झालं असतं. त्यासाठी पहिल्या पावसाबरोबर शेणकाला किंवा थोडं नत्र द्यायला हवं, हे श्रेडर भाड्याने देणाऱ्याने सांगायला पाहिजे. धुऱ्याचं गवत कापून संत्र्याच्या आळ्यात अंथरलं तर उन्हाळ्याचं एखादं पाणी वाचतं. खोडापासून वीतभर जागा मोकळी सोडावी, नाहीतर ओलाव्याने बुंधा सडतो. रानातल्या पाचोळ्याचं खत करायचं तर दहा फूट लांब, पाच रुंद, तीन खोल खड्डा, वीतभर पाचोळा, त्यावर शेणकाला, त्यावर मूठमूठ माती, असे थर. मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. सागाचं पान चिवट, ते तुडवून बारीक केल्याशिवाय वर्षभर तसंच राहतं. खड्डा फसतो तो बहुतेक वेळा कोरडा राहिल्यामुळे.

आगीच्या बाजूनेही बोललं जातं. आग लावली की चारा चांगला फुटतो, गोचिड्या मरतात, साप दूर जातात, आजोबाही लावायचे. पहिल्या वर्षी हिरवं गवत लवकर दिसतं हे खरं आहे. पण वरचा पाचोळा गेला की पावसाचं पाणी माती घेऊन नाल्यात जातं आणि दोन-चार वर्षांत तिथे चाऱ्याच्या जागी काटे वाढतात. आजोबांच्या काळी रान मोठं होतं आणि त्यांच्या वाट्याला ४५ अंशांचा उन्हाळा, कारखान्यांचा धूर आणि रस्त्याची धूळ एकत्र आलेली नव्हती. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. वीस-पंचवीस दिवसांच्या मोहावर वर्षाचं तेल-मीठ भागवणाऱ्या बाईला झाडून घे, जाळी आण, असं सांगायचा अधिकार कुणाला? एकट्या तिलाच सांगितलं तर तो नाहीच. म्हणून जाळीचा खर्च तिच्यावर टाकता कामा नये. आग दिसली की कळवायला गेलेल्यावरच संशय, १९२७ च्या वनकायद्याखाली गुन्ह्याची भीती, हे चालू राहिलं तर लोक आग पाहून मान वळवतील. उपग्रह आगीचा ठिपका दाखवतो आणि वनखात्याकडे इशारा येतो. पण काठीने झोडपून ती पहिल्या अर्ध्या तासात विझवणारा माणूस गावातलाच असतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावांनी २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून रानाची राखण स्वतःकडे घेतली, तो रस्ता वनहक्क कायद्याने आज इतर गावांनाही मोकळा आहे.

तेव्हा मागण्या अगदी नेमक्या कराव्यात. जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून रानात मोकळे ठेवलेले पट्टे, १५ फेब्रुवारीआधी झाडून तयार, आणि त्याची मजुरी त्याच महिन्यात. आग विझवणाऱ्या प्रत्येकाला सुती कपडे (नायलॉन वितळून कातडीला चिकटतं), बूट, पाणी, आणि जखमी झाल्यास उपचाराचा खर्च. रानालगतच्या प्रत्येक तालुक्याच्या गावी हवा मोजणारं एक यंत्र, त्याचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. आशाताईंकडे गावातले दमेकरी, सिकलसेलचे रुग्ण, गरोदर बाया आणि वर्षाआतली बाळं यांची यादी, आणि त्या घरांसाठी एन-९५ मास्क. प्रत्येक गावात एक स्वच्छ हवेची खोली: अंगणवाडी किंवा उपकेंद्रातली स्लॅबची खोली, फटी बुजवलेली, आत हेपा गाळणीचं, म्हणजे बारीक कणही अडवणारं, हवेचं यंत्र. पंधरा बाय वीस फुटांची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे तीन हजार घनफूट हवा. ती तासाला पाच वेळा गाळायची तर यंत्राची ताकद ताशी सव्वाचारशे घनमीटरच्या आसपास हवी. याहून छोटं यंत्र त्या खोलीत नुसतं आवाज करतं. वीज जाते त्या गावांत इन्व्हर्टर लागेल. पहाटेचे चार तास बाळंतीण आणि दमेकरी तिथे झोपू शकले तरी पुष्कळ झालं.

यांपैकी बरंच काही ठरवण्याची वेळ जानेवारीतली आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तेंदूच्या कराराचं कलम, मोहाच्या जाळ्यांचा खर्च तेंदूच्या उत्पन्नातून करायचा की नाही, श्रेडर कोणत्या गटाने आणायचा आणि जाळरेषेवर कोण राबणार, एवढे चार विषय लिहून घ्यावेत. मार्चमध्ये हे सुचलं तर तोवर पाचोळा पेटलेला असतो.